गेटाची बिडी

घाटंजीहून पारव्याकडं जाताना डाव्या हाताला कापसाची एक जिनिंग लागते. तिच्या गेटावर बळीराम मुनेश्वर चौदा वर्षं बसला, आणि या चौदा वर्षांत त्याला बघून कुणाला बरं वाटलं असेल तर ते तिथल्या कुत्र्याला. माणसांचं आणि त्याचं कधी जमलं नाही. काम तसंच होतं. सकाळी हमालांची रांग लागायची, बळीराम एकेकाचे खिसे चाचपायचा, बिडीचं बंडल आणि काडीपेटी काढून घ्यायचा आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचा. आत कापसाच्या गंज्या, सरकी काढणाऱ्या रेच्यांतून उडणारी रुई. एक ठिणगी पडली तर सगळं संपलं. संध्याकाळी सुट्टी झाली की ज्याची वस्तू त्याला परत.

हा मालकाचा नियम. हमालांचा वेगळा होता. बंडल डब्यात जाण्याआधी त्यातली एक बिडी बळीरामच्या हातावर ठेवायची. तिला सगळे गेटाची बिडी म्हणत. ती पोचली की बळीरामचे हात खिशापाशीच थांबायचे, डोक्याला बांधलेल्या दुपट्ट्याच्या घडीपर्यंत जायचे नाहीत. त्या घडीत दोन बिड्या आणि दोन-चार काड्या आत जायच्या आणि मागच्या भिंतीपाशी, संडासाच्या आडोशाला ओढल्या जायच्या. एवढ्या वर्षांत आग लागली नाही, यात शहाणपण कुणाचंच नव्हतं.

गेटावर बसल्यापासून बळीरामनं त्यामुळं बिडी अशी कधी विकत घेतलीच नाही. बारा वर्षांचा असताना, कळंबकडच्या गावात, आई तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होती आणि बापानं अर्धी ओढलेली बिडी "जरा धर" म्हणून त्याच्या हातात दिली. ती त्यानं धरली ती चौपन्न वर्षांचा होईपर्यंत. गेटावर तर रोजच्या तीस-पस्तीस बिड्या चालून यायच्या. तासातासानं तो रस्त्यापलीकडच्या बाभळीखाली जायचा आणि पुन्हा खुर्चीत येऊन लोकांवर खेकसायचा.

गेल्या पावसाळ्यात चालता चालता त्याची डावी पोटरी धरायला लागली. मग बसल्या जागी पाऊल ठणकायला लागलं. पानठेल्यावाला म्हणाला, बिडी सोड, खर्रा घे, खर्र्यात धूर कुठं असतो. बळीरामला ते पटलं. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटघोट घोटायचा आणि गालात धरायचा. दीड महिना त्यानं गेटाच्या बिड्या घेतल्या पण ओढल्या नाहीत, कुलपात साठवल्या, आणि बायकोला सांगितलं की सुटली. त्याच दीड महिन्यात पायाची करंगळी काळी पडली.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात ती कापली. डॉक्टर पट्टी बघता बघता म्हणाले, "तंबाखू चालू राहिली तर पुढच्या खेपेला पाऊल जाईल. त्याच्या पुढच्या खेपेला गुडघा."

"आन सुटली त?"

"तर आहे तेवढं बहुतेक राहील."

त्याची बायको सत्यभामा पलंगाच्या कडेला उभी होती. "डॉक्टरसाहेब, हे कागदावर लेहून द्या," ती म्हणाली. "याईले माह्या तोंडचं ऐकू नाही येत. " मग बळीरामकडं वळून, "अन तुमी बी आयका वो, दोन पायाच्या मानसासंग लगन लागलं माहं. एका पायाचे आले त दारातूनच वापस."

खालच्या मजल्यावर व्यसन सोडवायची खोली होती. तिथं साधना नावाची पोरगी बसायची, चष्मा नाकावर, समोर फाइल. बळीराम आत शिरतानाच चिडलेला होता.

"तंबाखू सोडाचं चिंगम देता म्हने तुमी. द्या."

"दुसऱ्यांना देते. तुम्हाला नाही."

"काहून? माह्याच जिवावर काटकसर काय?"

"तुमच्या नसा निकोटीननंच आवळतात, काका. बिडीत तेच, खर्र्यात तेच, त्या चिंगममध्येही तेच. तुमच्या पायाला ते कुठल्याच वाटेनं चालत नाही."

"मंग मले काय देता?"

"घड्याळ," साधना म्हणाली. "तलब आली की घड्याळ बघायचं. पाच-दहा मिनिटांत ती उतरते. तेवढ्यात पाणी प्या, बोटं कशात तरी गुंतवा. परत येईल, परत बघा. आणि बिडी जिथं सहज हाताला लागते तिथं बसू नका."

बळीराम पहिल्यांदा हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "म्याडम, मी तिथंच बसतो. तेच नौकरी हाये माही."

डिसेंबरात तो काठी घेऊन गेटावर परतला. रांगेत सगळ्यांत पुढं शंकरसिंग होता. तांड्यावरचा उंच, रुंद हमाल, कापसाच्या गाठींचं काम त्याच्याच टोळीकडं. बाकीचे जे बोलायला कचरत ते तो बोलायचा. त्यानं बंडल काढलं, एक बिडी उपसली आणि बळीरामच्या तळहातावर ठेवली. बळीरामनं ती परत केली.

"काय झालं? छाप बदलला म्हून नाही आवडत काय आता?"

"सोडली."

"दवाखान्यातून आला अन साधू झाला," शंकरसिंग मागच्यांकडं वळून म्हणाला. मागचे हसले. मग तो हसायचा थांबला. "गेटाची बिडी घेनार नाही म्हनजे दुपट्टा पाहनार. असंच ना?"

खरं सांगायचं तर बळीरामनं इतका विचार केलाच नव्हता. त्याला फक्त पाय वाचवायचा होता. शंकरसिंग सरळ बोलला असता तर त्यानं दुपट्ट्याकडं पाहिलंही नसतं. पण तो मागच्यांना ऐकू जाईल असं बोलला, आणि बळीराम आयुष्यभर अशा बोलण्याला एकच उत्तर देत आला होता.

"हाव," तो म्हणाला. "सोड दुपट्टा."

त्या दिवशी डब्यात बिडीच्या बंडलांबरोबर सुट्या बिड्यांचा ढीग पडला. जेवणाच्या सुट्टीत कुणी त्याच्याशी बोललं नाही. दुसऱ्या दिवशीपासून बोलायला लागले, आणि ते जास्त वाईट होतं.

"लंगड्या, चिलम पाठवू काय?"

"चार बोटाचा जमादार आला रे, दुपट्टे सोडा."

बाभळीखाली आता हमाल बसायचे. सकाळी आत येण्याआधी दहा-बाराजण मुद्दाम वाऱ्याच्या अंगानं बसून ओढायचे, म्हणजे धूर सरळ गेटावर यायचा. बळीराम मनगटावरचं घड्याळ बघायचा. पाच मिनिटं. सहा. पाणी प्यायचा. बोटांना चाळा म्हणून डब्याचं झाकण उघड-मीट करायचा, आणि झाकण उघडलं की आतल्या तंबाखूचा वास भपकन तोंडावर यायचा. रात्री घरी तो सत्यभामावर ओरडायचा, भाजीत मीठ जास्त, दिवा कायले लावला, तू श्वास कायले घेते. ती ताट पुढं सरकवून म्हणायची, "ओरडा. बिडीपेक्षा सस्तं पडते."

नवव्या दिवशी शंकरसिंग एकटा आला. आवाज खाली.

"बळीरामभाऊ, भांडून काय भेटते? तू ओढू नको. नुसती घे. खिशात ठेव, फेक, कुत्र्याले दे. आमचं मन राहते, तुहं बी राहते."

"दहा घंटे बिडीबिगर राहता नाही येत तुमाले?"

"तुले आलं राहता? चौदा वर्स?"

बळीरामनं हात पुढं केला. शंकरसिंगनं बिडी ठेवली, तीही निवडून, घट्ट वळलेली. त्या सकाळी सगळ्यांच्या दुपट्ट्याच्या घड्या तशाच आत गेल्या. ती बिडी बळीरामच्या वरच्या खिशात साडेदहापर्यंत राहिली. पावणेअकराला तो बाभळीखाली होता. डब्यातली काडीपेटी कुणाची होती हेही त्यानं पाहिलं नाही.

शेवटपर्यंत ओढली. सुख झालं, खोटं कशाला. डोळे मिटले, खांदे उतरले, नऊ दिवसांत पहिल्यांदा जग त्याला शत्रू वाटेना. समोर गेटाच्या आत शंकरसिंग कमरेवर हात ठेवून बघत होता. त्यानं दात दाखवले फक्त.

दुपारी पाऊल ठणकायला लागलं. घरी पट्टी सोडली तर करंगळीच्या शेजारचं बोट निळसर झालेलं. सत्यभामानं ते हातात घेतलं, बर्फासारखं गार. मग बळीरामच्या तोंडाजवळ नाक नेलं, वास घेतला आणि पाय खाली ठेवून दिला.

"कोनं देल्ली?"

"शंकरसिंगनं."

"त्यानं देल्ली. घेतली कोनं?"

त्यानंतर तिची पाठ दिसत राहिली, पोळ्या भाजताना, भांडी घासताना. तिनं ओरडावं असं त्याला वाटलं. ओरडणाऱ्याशी कसं वागायचं ते त्याला येत होतं.

सकाळी तो गेटावर न बसता सरळ मॅनेजरच्या खोलीत गेला. वामनराव चहा बशीत ओतत होते.

"साहेब, मले गेटावरून काढा."

"का? पाय?"

"चौदा वर्स मी गेटाची बिडी घेतली. घेतली म्हून बिड्या आत गेल्या. काड्या बी गेल्या. कालही गेल्या."

वामनरावांनी बशी खाली ठेवली. चहा टेबलावर सांडला तो त्यांनी पुसला नाही. "आत? कापसात? कुणाकुणाच्या?"

"समद्याईच्या. नावं कायले लेहता, हजेरीचं रजिस्टर पाहा."

"तुला आत्ता हाकलून देऊ शकतो मी."

"देऊ शकता. पन मंग मी त्या बाभळीखालीच बसीन अन ओढत मरीन. मले आत टाका. आख्ख्या घाटंजीत बिडी ओढता नाही येत अशी एकच जागा हाये, अन ते तुमच्या कापसात हाये. गेट नीट सांभाळलं त."

"आत काय करशील? गाठ उचलशील त्या पायावर?"

"कवडी वेचतो." कवडी म्हणजे पिवळा, किडका कापूस. तो चांगल्यातून वेगळा काढायला सावलीत वीस बाया बसायच्या.

"ते बायांचं काम आहे, बळीराम. मजुरीही बायांचीच मिळेल."

"द्या. संडासामागं बाया त नाही ओढून राह्यल्या."

वामनरावांनी त्याच्या पायाच्या पट्टीकडं पाहिलं. दया नव्हती त्या बघण्यात. "आणि गेटावर कुणाला बसवू? सगळे एका माळेचे म्हणतोस."

"शंकरसिंगले."

"तो तर तुझ्यावर उखडून आहे."

"म्हून सांगतो. बाकीच्याईले तो कसा पाहते ते तुमी पाहा. मले तो सोडनार नाही."

वामनरावांनी दोघांना समोरासमोर उभं केलं आणि एकच वाक्य दोघांना ऐकवलं: आत एक बिडी सापडली तर गेटवाला बाहेर, ज्याच्याकडं सापडली तोही बाहेर, कायमचा. शंकरसिंगनं खुर्ची घेतली. नाही म्हणायला त्याच्याकडं कारण नव्हतं, पाठ तर त्याचीही गेलेली होती. बाहेर पडताना तो बळीरामच्या कानाशी म्हणाला, "तू गड्याईचं नाव देल्लं साहेबाले. थांब, एक दिवस तुह्याजवळच सापडते."

"पाह्य," बळीराम म्हणाला.

तेव्हापासून रोज सकाळी हे चालतं. शंकरसिंग इतरांचे दुपट्टे सोडायला लावतो, शिव्या खातो, शिव्या देतो. बळीरामची पाळी आली की खुर्चीतून उठतो. कॉलर उलटी करतो, बाह्या, कंबर, चपलेचा तळ. पायाच्या पट्टीवरून बोट फिरवतो, आणि दुखावं एवढं दाबतो. रांग खदखदते. बळीराम दोन्ही हात वर करून उभा राहतो.

फेब्रुवारीत एका सकाळी मात्र त्याच्या दुपट्ट्यात बिडी होती. येताना एसटी थांब्यावर पडलेली दिसली, अख्खी, आणि हात आपोआप खाली गेला. रांगेत तो पाचवा होता. पुढच्या माणसाचा दुपट्टा सुटताना त्यानं पाहिला, शंकरसिंगची जाड बोटं घडीघडीतून फिरताना पाहिली. तो चौथा झाला. तिसरा. गेटाकडच्या नालीजवळ बळीरामनं घडीत बोट घातलं, बिडी काढली आणि पाण्यात सोडली.

शंकरसिंगला घडीत तंबाखूचा चुरा सापडला. त्यानं तो बोटावर घेऊन नाकाशी नेला.

"हे काय?"

"चुरा."

"बिडी कुठं हाये?"

"नालीत."

शंकरसिंगनं नालीकडं पाहिलं. काळ्या पाण्यावर पान उकलत चाललं होतं. मॅनेजरची खोली वीस पावलांवर, दार उघडं. तो त्या दाराकडं बघत होता तोवर बळीराम मनगटावरचं घड्याळ बघत होता.

"उद्यापासून पट्टी सोडून पाहीन," शंकरसिंग शेवटी म्हणाला.

"सोडजो. बोटं बी मोजजो."

"अन सापडली त सरळ वामनरावपाशी. हे नाली-फाली नाही चालनार."

"नकोच चालवू."

शंकरसिंगनं चुरा बळीरामच्याच सदऱ्याला पुसला आणि त्याला आत ढकललं.

सावलीत बाया बसल्या होत्या. मोतीबाई, त्यांच्यातली सगळ्यांत तिखट, त्याला येताना बघून सरकली, फार नाही, बूड टेकेल एवढीच.

"या बळीरामबाई. आज उशीर झाला. सासूनं धरून ठेवलं काय गेटावर?"

"हाव."

"मंग बसा. तोंड कमी, हात जास्त."

तो बसला. काठी बाजूला ठेवली, डावा पाय पुढं सरळ केला आणि कापसात हात घातला. त्यानं घड्याळ पाहिलं, सात मिनिटं झाली होती. त्यानं एक पिवळी कवडी काढून टाकली, मग दुसरी.