पाण्यात उतरलेला निळा रंग

माझी धाकटी बहीण सुनीता आत पाण्याचं द्रावण असलेल्या बॅटरीवर संशोधन करते. या बॅटरीत प्रोटॉन एका निळ्या पदार्थात शिरतात आणि बाहेर पडतात, त्यातून वीज साठते. अडचण अशी, की तो पदार्थच आम्लाच्या पाण्यात हळूहळू विरघळतो.

एका दुपारी मी तिच्या प्रयोगशाळेत गेले, तेव्हा ती काचेची कुपी उजेडाकडे धरून उभी होती. पाण्याला फिकट निळी झाक आली होती.

"किती सुंदर रंग आहे गं!" मी म्हणाले.

"ताई, हा दिसायलाच नको होता. चार महिन्यांचं काम पाण्यात गेलं."

मला वाटलं, ती रडेल. तिने वहीत फक्त "पाणी निळं" असं लिहिलं आणि कुपी धुवायला घेतली. मी बघत राहिले. येणाऱ्याला आत घ्यायचं, जाणाऱ्याला जाऊ द्यायचं आणि आपण मात्र शाबूत राहायचं, एवढंच ती त्या पदार्थाकडे मागत होती. माणसांना तरी ते कुठे सहज जमतं?

"आता या पदार्थात निकेल थोडं वाढवून बघते," खलात नवी पूड घोटत ती म्हणाली.

"आणि तेही विरघळलं तर?"

"तर आधीपेक्षा किती दिवस जास्त टिकलं, ते कळेल."