फऱ्यात फुटलेली गोळी

आर्डिस कोनोपॅकीला रक्ताची किळस कधीच नव्हती. सोळाव्या वर्षी बापाने तिच्या हातात पातळ पात्याची सुरी दिली आणि टांगलेल्या हरणाकडे बोट दाखवून म्हटलं, "वरून खाली सोलायचं, आणि घाई केलीस तर कातडं फाटेल." तेव्हापासून चव्वेचाळीस वर्षं ती हरणं सोलत, कापत आणि त्यांचे सॉसेज करत आली होती. विस्कॉन्सिनातल्या त्या बटाट्याच्या मुलखात नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीच्या शिकारीचा हंगाम असायचा. त्या नऊ दिवसांत तिच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दीडशेच्या वर हरणं यायची. नवरा नॉर्बर्ट घरात चरबीचा वास मारतो म्हणून ॲरिझोनाला निघून गेला, त्याला वीस वर्षं झाली. "वास त्याला एकोणीस वर्षांनी आला," असं ती सांगायची आणि सुरीला धार लावायला लागायची.

पण अलीकडे तिला खरोखरच किळस येऊ लागली होती. ती मेलेल्या जनावरांची नव्हती, ती मारणाऱ्यांची होती.

याला कारण ड्वेन ग्लोडोव्स्की. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात बंदुकीच्या काउंटरवर तो उभा असायचा. वय चाळिशीचं, दाढी कोरलेली, बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं या माणसाचा जन्मच जंगलात झाला असेल. दोन वर्षांपासून त्याने एकच धोशा लावला होता. हरणाला मोठी रायफल लागतच नाही. दोनशे तेवीस नंबरची छोटी गोळी पुरे. धक्का नाही, आवाज कमी, काडतूस स्वस्त, आणि सरकारी नियमातही बसते. "कानामागे घातली की झालं," तो स्वतःच्या कानामागे बोट टेकवून सांगायचा. लोकांना ते पटायचं. खांद्याला धक्का बसत नाही म्हटल्यावर कुणाला नको असतं?

त्या वर्षी हंगामाच्या पहिल्याच शनिवारी दुपारपर्यंत आर्डिसच्या टेबलावर अशी सात हरणं आली. फरा, म्हणजे पुढच्या पायाचा खांदा, सोलला की आत मांस नसायचंच. जांभळ्या रक्ताचा थलथलीत गोळा, त्यात हाडाचे चुरे आणि तांब्याच्या पापुद्र्यासारख्या चकत्या. या गोळ्या मुळात शेतातली बिळं करणारी खार नाहीतर कोल्हा मारायला केलेल्या. कातडीला लागल्या की फुटतात. पाच किलोच्या जनावराच्या त्या चिंध्या करतात. सत्तर किलोच्या हरणाच्या फक्त खांद्यात स्फोट होतो आणि काळीज, फुप्फुस जिथल्या तिथे राहतं. मग ते जनावर तीन पायांवर पळतं.

एका गिऱ्हाइकाने वर तिलाच झापलं. "आर्डिसबाई, माझ्या हरणाचं मांस इतकंच? बाकीचं गेलं कुठे?"

तिने कचऱ्याचं पिंप ओढून त्याच्यासमोर आणलं आणि झाकण उघडलं. "हे घे. तुझंच आहे. घरी नेऊन बायकोला दे, म्हणावं भाज."

तो दोन पावलं मागे सरला.

सोमवारी सकाळी तिने शेडच्या दारावर पाटी लावली. छोट्या गोळीने मारलेली हरणं इथे घेतली जाणार नाहीत. अक्षरं मोठी, लाल रंगात. लावताना तिला बरं वाटलं. तोंडातली घाण थुंकल्यासारखं.

मंगळवारी बर्निटा आली. एकाहत्तर वर्षांची, रुंद हाडापेराची शेतकरीण, आर्डिसची जुनी मैत्रीण. गेल्या वसंतात तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. तिच्या ट्रकच्या हौद्यात हरणाची मादी पडलेली होती. बर्निटाने पाटी वाचली आणि परत गाडीत बसायला वळली.

"अगं, कुठे चाललीस?" आर्डिस ओरडली.

"तुझी पाटी वाचली. माझी दोनशे तेवीसची आहे. मोठी बंदूक आता या खांद्याला झेपत नाही. मी जाते दुसऱ्याकडे, स्टीव्हन्स पॉइंटला."

"तू? तूसुद्धा त्या ड्वेनच्या नादी लागलीस?"

"ड्वेनने मला अजून चिमटीभर मीठसुद्धा विकलेलं नाही. सोल आधी, मग तोंड सोड."

आर्डिसने मादी टांगली आणि सोलली. फऱ्याच्या मागे, तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या मधे, करंगळी जाईल एवढं भोक. पलीकडच्या बाजूला जरासं मोठं. दोन्ही फुप्फुसं फाटलेली. फरे दोन्ही स्वच्छ, लालबुंद, एक कण वाया गेला नव्हता.

"किती लांबून?"

"साठ पावलं. आडवी उभी होती. गोळी पूर्ण तांब्याची, फुटत नाही ती. तीनदा समोर आली, पण वळून उभी होती म्हणून सोडून दिली. चौथ्यांदा मारली. वीस पावलं गेली आणि बसली." बर्निटाने दुखरा खांदा चोळला. "गोळी लहान असली की माणसाला धीर मोठा लागतो गं. तेवढं तुझ्या पाटीवर नाही."

आर्डिसला तोंडघशी पडल्यासारखं झालं. तिने पाटी काढून शेगडीत घातली. पण मनातला कडवटपणा गेला नाही, उलट वाढला. म्हणजे त्या एवढ्याशा गोळीनेही नीट मारता येत होतं, फक्त मारणाऱ्याने थोडा विचार करायचा होता, थोडं थांबायचं होतं. तेवढंही या लोकांच्याने होत नव्हतं.

गुरुवारी सकाळी, घरोघर सणाची टर्की भट्टीत असताना, क्लॅरेन्स आला. गावाबाहेरच्या दलदलीलगत त्याची बटाट्याची शेती होती. हा माणूस कधी फार बोलायचा नाही. त्या दिवशी ट्रकमधून उतरून त्याने मागची फळी उघडली.

"वास येतोय," तो म्हणाला. "माझ्या कुंपणापाशी पडला होता. उठता येत नव्हतं. मी त्याला संपवलं आणि माझ्या परवान्याचा टॅग लावला. खायला नको मला. पण त्याला तसाच सोडून यायला मन होईना."

मोठा नर होता. डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं. डावा खांदा भोपळ्यासारखा सुजला होता. आर्डिसने सुरी टेकवली मात्र, आतून हिरवट पिवळा पू भळकन टेबलावर आला. चव्वेचाळीस वर्षांत तिला पहिल्यांदा शेडबाहेर पळावं लागलं. बर्फावर वाकून ती ओकली, तोंड पुसलं आणि परत आत आली. क्लॅरेन्स टोपी हातात घेऊन उभा होता.

फऱ्याच्या हाडावर बशीएवढी जखम होती. त्यात शिशाचे कण आणि तांब्याच्या त्याच चकत्या. बरगडीला ओरखडासुद्धा नव्हता. पाच दिवस ते जनावर कुजणारा खांदा ओढत दलदलीत फिरलं होतं.

आणि तो नर कुणाचा, हे साऱ्या गावाला माहीत होतं. शनिवारी रीटाच्या बारमध्ये ड्वेनने दहा जणांना सांगितलं होतं. क्लॅरेन्सच्या दलदलीच्या कडेला, दोनशे यार्डांवर, मोठा नर, एका शिंगाचं टोक मोडलेलं. "मारली, पण रक्ताचा थेंब नव्हता. म्हणजे चुकली," असं म्हणून त्याने बिअर मागवली होती. शोधायला तो शंभर पावलंसुद्धा गेला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी रीटाकडे नेहमीप्रमाणे तळलेल्या माशांचं जेवण होतं. निम्मं गाव तिथे. आर्डिस रबरी बूट आणि ॲप्रन तसंच घालून आत शिरली, हातात झाकलेला पत्र्याचा ट्रे. ड्वेन मधल्या टेबलावर बसून कुणाला तरी गोळीचा वेग समजावून सांगत होता. तिने त्याची प्लेट बाजूला सारली आणि ट्रे समोर ठेवून कापड उचललं.

आत तो कुजलेला फरा होता. वास सुटला. आधी शेजारचं टेबल उठलं, मग त्याच्या पलीकडचं. कुणाची तरी लहान मुलगी रडायला लागली.

"आर्डिसबाई, वेड लागलंय का तुम्हाला?"

"ओळख पटते का? तुझी चुकलेली गोळी. शिंग बाहेर गाडीत आहे, बघायचं असेल तर."

"हे माझं कशावरून? कुणाचंही असेल."

तिने खिशातून तांब्याच्या चकत्या काढून त्याच्या प्लेटीतल्या बटाट्यांवर टाकल्या. "पाच दिवस जगला तो. तू इथे येऊन बिअर प्यालास, रोज घरी पोटभर जेवून झोपलास, आणि तो पू गळत फिरत होता. दुकानात उभा राहून लोकांना हे विकतोस? वर कानामागे बोट लावून दाखवतोस? शी!"

ड्वेनचा चेहरा पिवळा पडला होता, पण तोंड बंद होईना. "नियमात बसतं ते."

"बसतं ना. तूही बसतोस माणसांत."

रीटा काउंटरमागून आली. ती आर्डिसची मावसबहीण. "बास झालं. उचल ते आधी, आणि ईस्टरपर्यंत मला तोंड दाखवू नकोस." आर्डिसने ट्रे उचलला. बाहेर आल्यावर तिला वाईट वाटलं ते त्या रडणाऱ्या मुलीचं. बाकी कशाचंच नाही.

हंगामाच्या शेवटच्या रविवारी दुपारी ड्वेनचा ट्रक शेडसमोर थांबला. मागे एक मादी होती. ड्वेनने बापाची जुनी मोठी रायफल आणली होती, ती मुद्दाम दिसेल अशी सीटवर ठेवलेली.

"घ्या. तुमच्या मनासारखी मोठी गोळी. आता तरी समाधान?"

आर्डिसने वाकून पाहिलं. पोट फुगलेलं, आणि भोक पार मागे, कोथळ्यात. धक्क्याच्या भीतीने त्याने डोळे मिटून चाप ओढला असणार, हे तिला लगेच कळलं. आतडी आतच होती. ती जंगलात जागच्या जागी काढायची असतात, पण बंदुका विकणाऱ्या या माणसाने ते केलं नव्हतं.

"कोथळा काढला नाहीस?"

"म्हटलं, इथेच..."

"मला आता शिसारी आली आहे रे ड्वेन. हरणाची नाही." तिने खुंटीवरची सुरी काढून त्याच्या हातात दिली. "तूच काढ. मी सांगते कुठे कापायचं."

"मला हे कधी..."

"माहीत आहे."

त्याने पहिला काप घेतला आणि हिरवा अर्धवट पचलेला चारा त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तो ओकला. आर्डिसने पाण्याची नळी त्याच्याकडे सरकवली, आणि पुढचा काप कुठे घ्यायचा ते बोटाने दाखवलं. दीड तास लागला. मागच्या मांड्या नासल्या होत्या, पाठीचं तेवढं मांस हाती लागलं. ते त्याने स्वतःच कागदात गुंडाळलं.

दारात तो थांबला. "मग पुढच्या वर्षी वापरू तरी काय? छोटी की मोठी?"

"आधी उन्हाळाभर कागदी निशाणावर मार. साठ पावलांवरून दहातल्या दहा एका बशीत बसू देत. मग बंदुकीचं विचार."

तो गेला. पुढच्या वर्षी तो तिच्याकडे आला नाही, हरीण दुसरीकडे नेलं म्हणे. दुकानात मात्र आता तो कानामागे बोट लावत नाही, एवढं क्लॅरेन्सने सांगितलं. ते ऐकूनही आर्डिसला फारसं काही वाटलं नाही. ड्वेन येऊन गेला त्या रविवारी तिने टेबल तीनदा उकळत्या पाण्याने धुतलं, दारं सताड उघडी ठेवली, तरी पुढच्या बुधवारपर्यंत शेडमध्ये शिरताना तिला नाकाला रुमाल लावावासा वाटत राहिला.