तोंडाने वाजणारी घंटा

"टण्ण!"

धुळ्याच्या क्रीडा संकुलात हा आवाज साठीच्या एका माणसाच्या तोंडून निघायचा. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मी शेजारच्या हॉलमध्ये टेबल टेनिस शिकवतो. आबा वेगाने भिंत चढणाऱ्या खेळाडूंच्या शारीरिक चाचण्या घ्यायचे.

चढाईच्या भिंतीवर अगदी वर एक पट्टी असते. तिच्यावर थाप मारली की घड्याळ थांबतं आणि घंटा वाजते. आबांची चाचणीची भिंत मात्र साधी, गेरूने रंगवलेली. बोटांना खडूची पूड लावायची, जागेवरून उंच उडी मारायची आणि भिंतीवर ठसा उमटवायचा, एवढंच. पण पोरं सवयीने फाडकन थाप मारायची आणि घंटेची वाट बघत वर तोंड करून उभी राहायची. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता. मग आबाच गंभीर चेहऱ्याने घंटा व्हायचे.

हळूहळू पोरं कमी झाली. चांगली होती ती पुण्याला गेली, बाकीची पोलीस भरतीच्या मागे लागली. आबा सोनगीरहून एसटीने यायचे. बायको वारलेली, मूलबाळ नाही. काम संपलं तरी लोंबकळायची दांडी पुसत बसायचे.

"आबा, आता घरी जा की," मी म्हणायचो.

"घर जाईसन कोणसंगे बोलू, भाऊ?" आणि पुसलेली दांडी पुन्हा पुसायला घ्यायचे.

शेवटी एकच मुलगी उरली, साक्रीकडची. पुण्याच्या प्रशिक्षण केंद्रात जागा मिळवायची तर तिची उडी भिंतीवरच्या रेघेपलीकडे जायला हवी होती. ती गेली की आबांकडे कोणीच उरणार नव्हतं. हे त्यांनाही कळत होतं.

चाचणीच्या दिवशी सकाळी तिची थाप रेघेच्या खाली पडली. आबांनी नुसतं 'नाही जमलं' म्हटलं असतं, तरी मुलगी इथेच राहिली असती. आबा तिच्या पायांकडे बघत राहिले.

"एसटीमा उभी राहीसन उनी का?"

तिने होकारार्थी मान हलवली; साक्रीपासून ती उभ्यानेच आली होती.

"दमेल पायनं माप खरं नही, माय. दोन केळी खाय, पडी ऱ्हाय. दुपारले दखू."

दुपारी थाप रेघेच्या चांगली वर पडली. आबांची घंटा त्या दिवशी जरा बसक्या आवाजात वाजली.

ती गेल्यावरही आबा रविवारी येत राहिले. एकदा मी दारातून पाहिलं. हाताला पूड लावून आबा स्वतःच भिंतीशी उभे होते. टाचा जेमतेम उचलल्या, भिंतीला हात लावला आणि स्वतःपुरतं पुटपुटले, "टण्ण." त्या रिकाम्या हॉलमध्ये मला फार वाईट वाटलं.

या उन्हाळ्यात आबा गेले. बातमी ऐकून परवा ती मुलगी आली. तिने बोटांना खडू लावला, उडी मारली, भिंतीवर थाप दिली आणि सवयीने वर बघत उभी राहिली.

मी घसा खाकरला. पण आवाज काही फुटेना.