अंगावर घातलेला टाका

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. या साइटवरचे असले अनुभव मी वाचते आणि सोडून देते. माझाही सोडून दिलात तरी हरकत नाही.

साल २००७, मे महिना, चेन्नई. नवऱ्याची नोकरी इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात, घर वेस्ट मांबलमला. मी घरीच शिवणकाम करायची. मुलगी केतकी कॉलेजात. त्या शनिवारी दुपारी तिची वेशभूषा स्पर्धा होती... व्हिडिओ गेममधली पायलट. गळ्यापासून घोट्यापर्यंत अंगाबरोबर बसणारा काळा जंपसूट, पाठीला चेन.

असा सूट खांद्यापासून पायांमधून परत खांद्यापर्यंतच्या मापावर बसतो. ते मी नीट घेतलं होतं. तरी सकाळी डाव्या बगलेखाली झोळ राहिलाच.

"पोतं शिवलंयस," केतकी म्हणाली. "हे घालून स्टेजवर जाऊ?"

"पोत्यात बटाटेच असतात. सरळ उभी राहा."

काढून, उसवून पुन्हा शिवायला वेळ नव्हता. मी तिच्या अंगावरच सुई चालवायला घेतली.

शेजारच्या सुलोचनाबाई कढीपत्ता मागायला आल्या होत्या. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या, निवृत्त शिक्षिका. त्या दारातच थबकल्या.

"अय्यो, वेण्डाम! अंगावर शिवू नको गं. अंगावर शिवतात ते मेलेल्या माणसाचं. निदान तोंडात दोरा तरी धरू दे तिला."

माझी आईही हेच सांगायची. "दोरा धरायला तिचं तोंड बंद कुठे असतं, बाई?" मी म्हटलं.

"शिकलेली माणसं!" म्हणत त्या कढीपत्ता न घेताच गेल्या.

डावीकडे, बगलेपासून कमरेपर्यंत, मी पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घातले. झोळ गेला. सूट सुरेख बसला. केतकी आरशासमोर वळली आणि थांबली.

"आई, घट्ट होतंय."

"श्वास रोखू नकोस."

"मी नाही रोखत... आई, उजवीकडून... चेन काढ!"

चेन हलेना. तिचे ओठ निळे पडायला लागले. मी मोठी कात्री गळ्याशी घातली आणि सरळ खालपर्यंत कापत गेले. ती जमिनीवर बसून धापा टाकत होती. थोड्या वेळाने माझ्यावर तोंडसुख घ्यायला लागली, तेव्हा कळलं, वाचली.

डॉक्टर म्हणाले, उकाडा. मीही तेच मानलं असतं. पण संध्याकाळी चिंध्या उचलताना दिसलं — उजव्या बाजूलाही बगलेपासून कमरेपर्यंत पांढरे टाके. बारीक, माझ्यापेक्षा सुबक. तीन इंच कापड आत ओढून घेतलेलं. उजवीकडे मी सुई लावलीच नव्हती.

इतकी वर्षं झाली, उलगडा नाही. कच्च्या टाक्याची गाठ मी नेहमी बाहेर ठेवते, नंतर ओढून काढता यावी म्हणून. डावीकडची माझी गाठ बाहेरच होती. उजवीकडची आत होती, कातडीच्या बाजूला. तशी गाठ मारायची तर शिवणारा हात सूटच्या आत हवा.

आणि आत केतकीशिवाय कशालाच जागा नव्हती. माप मीच घेतलं होतं.