एका हातानं वाचायची पोथी

चुकले मी. एकदा नव्हे, दोनदा. मग काय जीव देऊ?

लकवा मारल्यापासून माझ्या सासऱ्यांचा, आबांचा, डावा हात नुसता मांडीवर पडून असतो. आमच्या गावात, न्हावऱ्यात, सप्ताह बसायचा होता आणि त्यांना पारायणाला ओळीत बसून स्वतः वाचायचं होतं. पोथी जुनी, पानं सुटलेली. एका हातानं माणसानं पान उलटायचं का पोथी धरायची? ती आपली आपण उघडी राहायला हवी होती. धाकटा दीर म्हणाला, "आबा, आता नुसतं ऐकायला बसा की." आबांनी मान खाली घातली. ते बघून माझंच डोकं फिरलं. म्हटलं, "मी बांधून देते."

लग्नाआधी मी शिरूरला बाईंडिंगच्या दुकानात कामाला होते. तिथं सगळी बिलबुकं नि रजिस्टरं. कडेनं दाभण घालायचं, दोरा ओढायचा, झालं. पोथीलाही तसाच टाका घातला. भक्कम झाली, पण उघडी राहील तर शपथ! हात काढला की फटकन मिटायची. दीर हसून लोळला.

हस म्हटलं. सगळा टाका उसवला. घडी घातलेल्या पानांची एकेक जुडी घेऊन मधोमध, घडीतूनच, सुई घातली. आता पोथी छान पसरली. पुठ्ठे चिकटवले. खळ ओली होती, म्हणून कुरडया घालतो तशी पत्र्यावर उन्हात ठेवली. आमच्याकडं ओलं दिसलं की उन्हात, दुसरं काही सुचतच नाही. दुपारपर्यंत पुठ्ठे पापडासारखे वाकले.

"वहिनी, आता द्या पुण्याला पाठवून," दीर म्हणाला. "हे काय आपलं काम न्हाई."

"का? पुण्यातला काय आईच्या पोटातनं शिकून आलाय?" मी म्हटलं. त्यानंही चार पोथ्यांची वाट लावली असेल. त्याच्या चुका कुणी बघितल्या नाहीत, माझ्या अख्ख्या घरानं बघितल्या, एवढाच काय तो फरक.

तरी भीती वाटत होतीच, खोटं कशाला सांगू. पहिल्या टाक्याच्या भोकांनी पानांच्या कडेची चाळण झालेली. आता पुठ्ठे काढताना शिवण फाटली असती, तर पोथीच गेली असती आणि आबांचं वाचनही. जीव मुठीत धरून वाकडे पुठ्ठे सोडवले, नवे लावले. या वेळी सावलीत ठेवली, वर घरातला पाटा. वाळेपर्यंत सगळ्यांनी मिक्सरातली चटणी खाल्ली. कुणी कुरकुरलं की मी डोळे वटारायची.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी आबा ओळीत बसले. पोथी उघडून चौरंगावर ठेवली आणि उजवा हात बाजूला घेतला. पोथी तशीच पसरून राहिली. शेजारी बसलेल्या आप्पांनी मदत म्हणून पान दाबायला हात पुढं केला.

"हात काढा, आप्पा," आबा म्हणाले. "माझं मी वाचतो."