लिंबाने घासलेला स्फटिक

चुनखडीच्या बंद पडलेल्या खाणीत दिवसभर छिन्नी चालवून मी एक स्फटिक आणला होता, काचेसारखा लख्ख. आज फळीवर पाहतो तर जुन्या चष्म्यासारखा धुरकट!

“अहो, देवाची भांडी घासत होते, त्यातच तोही लिंबाने घासून काढला,” बायको कौतुकाने म्हणाली. “केवढी धूळ बसली होती त्यावर!”

मी कपाळावर हात मारला. “अगं, पितळ उजळतं त्याच लिंबाने हा चुन्याचा दगड झिजतो!” थेंबाथेंबाने युगानुयुगं साठलेलं तेज एका फोडीत गेलं.

“मग आधी सांगायचंत ना,” ती म्हणाली.

काय सांगणार? वीस वर्षं मी घर दगडांनी भरलं आणि त्यांच्याबद्दल तिला एकच वाक्य सांगितलं, हात लावू नकोस.