मामांनी घेतलेली दुबईची तालीम

माणसाने किती घाबरावं याची वरची मर्यादा आमच्या हिच्या मामांनी घालून दिलेली आहे. तिच्या पलीकडे कुणी गेला असेल तर तो भीतीनेच मेला असणार, म्हणून त्याची नोंद नाही. मामा भुतांना भीत नाहीत. भूत होण्याआधी तो माणूस कशाने गेला, एवढंच विचारतात. नोकरीतला सगळा जन्म त्यांनी एका विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासण्यात काढला. त्यामुळे तुम्हाआम्हाला जिथे साधं स्टूल दिसतं तिथे त्यांना त्यावरून पडलेले कैलासवासी दिसतात. माळ्यावरचा डबा काढायचा असेल तर ते शेजाऱ्याला बोलावतात आणि तो स्टुलावर चढला की स्वतः डोळे मिटून घेतात. मासा खातील तर फक्त बोंबील, कारण बोंबलाचा काटा माणसाशी वैर धरत नाही. घरात पंख्याखालची जागा कायम मोकळी. पाहुणा चुकून तिथे बसलाच तर मामा पंखा बंद करून त्याला पुठ्ठ्याने वारा घालतात. एकदा मी मोठ्या कौतुकाने त्यांना माझं ऑफिस दाखवायला नेलं. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या त्या काचेच्या टॉवरमध्ये ते लिफ्टच्या दारापर्यंत आले, आतली वजनाची पाटी वाचली, आत उभ्या माणसांकडे एकेक करून पाहिलं आणि म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे. ह्यात एक गृहस्थ जेवून आलेले दिसतायत.”

मी मामांच्याच चाळीत वाढलो, त्यामुळे त्यांना लहानपणापासून ओळखतो. तेव्हा ते मला अरे-तुरे करायचे. त्यांच्या भाचीशी लग्न झालं आणि दुसऱ्या दिवसापासून अहो-जाहो सुरू. फक्त जिवाला घोर लागला की ते पुन्हा जुन्यावर येतात. परळच्या आमच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर, मध्ये एक खोली सोडून ते एकटे राहतात. एकट्या माणसाचा एक पेच असतो. आतून कडी लावावी तर रात्री काही झाल्यास लोकांना दार फोडावं लागणार. न लावावी तर चोर. मामांनी यावर तोडगा काढला. कडीला सुतळी बांधली, ती दारावरच्या झरोक्यातून बाहेर काढली, गॅलरीच्या कठड्यावरून आणून दुसरं टोक आमच्या दाराशी बांधलं. सकाळी दुधाची पिशवी बाहेरच दिसली तर मी ती ओढायची. “हे फक्त तुमच्या-माझ्यात,” असं बजावलं होतं. मधल्या खोलीत बागुलकाकू राहतात, हॉस्पिटलात नर्स आहेत. त्या या गुप्त सुतळीवर रुमाल वाळत घालत.

अशा माणसाच्या शेजारी राहून मी दुबईला जायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, साहेबाने विचारलं आणि पगारावर कर नाही हे ऐकून माझ्या तोंडून ‘हो’ निघून गेलं. शहाण्या माणसाने आधी हिशोब मांडला असता. मी आधी पेढे वाटले. पेढे वाटून झाल्यावर ज्यांनी ते खाल्ले त्यांनीच एकेक शंका काढायला सुरुवात केली. रात्री झोप उडाली. पण वाटलेला पेढा परत कसा मागणार?

पेढा मामांनीही खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गॅलरीतल्या कॅरमपाशी बसवलं. खेळायला नव्हे. काळ्या सोंगट्या तिकडचे खर्च, पांढऱ्या इकडचे, आणि मधली लाल क्वीन म्हणजे वाचणारा कर. घरभाड्याची काळी सोंगटी ठेवली, समोर चाळीच्या भाड्याची पांढरी. ती ठेवताना त्यांना स्वतःलाच हसू आलं. लेकीच्या शाळेची काळी. गाडीची काळी, तिच्यासमोर परळच्या बसची पांढरी. तिकडे भाड्याचे चेक पुढच्या तारखा घालून आधीच द्यावे लागतात, हे मी कुठूनसं वाचून आलो होतो. ते सांगितल्यावर मामांनी बोट तोंडात घातलं आणि एका चेकला खात्यात पैसे नसले तर काय, एवढं विचारून उत्तर ऐकायच्या आधी कानावर हात ठेवले. मग म्हणाले, रात्री छातीत दुखलं तर? काळी ठेवली. समोर पांढरी ठेवायला हात उचलला आणि बागुलकाकूंच्या दाराकडे बघत राहिले. त्याला इकडे खर्चच नव्हता. किल्ली कुणाकडे ठेवायची? काळी. लेकीला तासभर सांभाळायला? काळी. पांढऱ्या सोंगट्या त्यांच्या मुठीतच राहिल्या.

मी आपलं घोडं दामटलं, की मामा, तरीपण क्वीन आपलीच ना?

“क्वीन तुमचीच. पण कव्हर कशाने करणार? नाहीतर ती येते परत मधे.”

एवढं बोलून थांबले असते तर बरं. पण भित्रा माणूस सरावावर फार विश्वास ठेवतो. त्यांनी फर्मान काढलं की येत्या रविवारी आम्ही दुबईत राहायचं. म्हणजे दिवसभर दार बंद, कुणाकडे जायचं नाही, मीठ संपलं तर बिनमिठाचं खायचं. आमच्या मजल्यावर दिवसा दार बंद फक्त दोनच कारणांनी असतं, माणसं गावाला गेलेली असतात नाहीतर रडत असतात. तरी मी कबूल झालो, कारण फजितीला नाही म्हणणं मला जमत नाही.

रविवारी ही लेकीला घेऊन दादरला मोठ्या बॅगा बघायला गेली. मी कडी लावली, कानात गाणी घातली आणि जेवून आडवा झालो. दुबई मला एकदम आवडली.

जाग आली ती कशाने ते सांगता येणार नाही. डोळे उघडले तर दारावरच्या झरोक्यातून एक हात कोपरापर्यंत आत आला होता आणि हवेत चाचपडत होता. कानातली गाणी काढली तेव्हा बाहेर दार बडवल्याचा आवाज आणि बागुलकाकूंचं, “मामा, खाली उतरा, मी चढते,” हे ऐकू आलं. मी धावत जाऊन कडी काढली. अख्खा मजला दारात. आणि मामा स्टुलावर उभे होते. ज्यांनी डोळे मिटून दुसऱ्यांना स्टुलावर चढवलं ते मामा, चवड्यांवर, सदरा घामाने भिजलेला, हात झरोक्यात अडकलेला.

काकूंनी आधी माझी नाडी धरली, मग मला एक धपाटा घातला. मामांना उतरवून पाणी दिलं. मी म्हटलं, मामा, तालीम तुम्हीच सांगितली होती. त्यांनी मान हलवली. माहीत होतं त्यांना. सकाळभर माहीत होतं. दुपारी मात्र आतून भांड्याचाही आवाज येईना.

“तुझ्या दाराला सुतळी नाही रे,” ते म्हणाले.

त्यावर कुणी हसलं नाही.

इथे मी जाणं रद्द केलं असं लिहिता आलं असतं तर मी जरा बरा दिसलो असतो. पण सगळ्यांसमोर शब्द परत घ्यायला जे धैर्य लागतं ते माझ्यात नव्हतं. मामांच्या भित्रेपणाची मी इतकी वर्षं टिंगल केली. आमच्या दोघांत जास्त भित्रा कोण, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं. आम्ही तिघं निघालो तेव्हा मी सुतळीचं टोक सोडून काकूंच्या दाराशी बांधायला गेलो तर मामांनी हात धरला. राहू द्या तिथेच, म्हणाले, तुमची खोली काय पळून जात नाही. तेव्हा ती अजून आमच्या कुलूपबंद दाराशीच बांधलेली आहे. काकू रोज सकाळी ड्युटीवर जाताना रुमाल सारखा केल्यासारखं करून तिला हलका झटका देतात, आतून खोकला आला की जिना उतरतात. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं आणि मामांना न सांगायचं वचन घेतलं. मामा खोकण्यासाठी दाराशी येऊन बसत असणार, असा माझा अंदाज आहे.

इथे दुबईत कर नाही. क्वीन खिशात आहे. सकाळी मामांचा फोन येतो, मी जिवंत आहे की नाही ते बघायला. जेवण, पाणी, गॅसचं बटण, सगळं विचारून झालं की त्यांचा आवाज बारीक होतो.

“दार उघड बघू जरा.”

मी फोन कानाला लावून दार उघडतो. बाहेर लांबच लांब गालिचा, दोन्ही बाजूंना बंद दारं, आणि दिवसाही चालू असलेले दिवे.

“उघडलं?”

“उघडलं.”

“आलं कुणी?”

“नाही, मामा.”

फोनच्या पलीकडे, चाळीच्या गॅलरीत, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत असतं, बादली आपटते, कुठेतरी फोडणी पडते.

“थांब जरा,” मामा म्हणतात. “लगेच लावू नको.”

आणि मी उंबरा नसलेल्या त्या दारात उभा राहतो.